कोरड्या हंगामांची आकडेवारी वगळू नका : कृषी विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे,
तसेच राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू व मा. संशोधन संचालक यांस

विषय : अवर्षण सहनशीलतेच्या संशोधनात व अध्यापनात कोरड्या हंगामांच्या नोंदी जपण्याबाबत

सा. न. वि. वि.

मी आपल्या राज्यातील एका कृषी विद्यापीठात वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि माझे बहुतेक संशोधन रब्बी ज्वारीवरील पाण्याच्या ताणासंबंधी झालेले आहे. सेवानिवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे या पत्रातून स्वतःसाठी काही मिळवायचे राहिलेले नाही. जे बैठकांतून तुकड्यातुकड्याने बोललो, पण कार्यवृत्तात कधी पूर्ण उतरले नाही, ते एकदा सलग आणि सर्वांना वाचता येईल असे मांडावे एवढाच हेतू आहे.

अवर्षण सहन करणारे वाण शोधण्यासाठी आपण कोरडवाहू केंद्रांवर बहुस्थानीय चाचण्या घेतो. एखाद्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो, पीक पोटरीतच सुकू लागते, काही वाफ्यांत कणसे निसवतात तर काहींत निसवतच नाहीत. हंगाम संपल्यावर आकडेवारीचे विश्लेषण होते, विचरण गुणांक (सरासरीच्या मानाने आकड्यांतील विखुरण), म्हणजे आपण सगळे ज्याला सीव्ही म्हणतो तो, मर्यादेबाहेर गेलेला दिसतो किंवा चाचणीची सरासरी ठरावीक पातळीच्या खाली आलेली असते, आणि ते केंद्र एकत्रित विश्लेषणातून वगळले जाते. अहवालात एक ओळ येते : ‘कमी पावसामुळे चाचणी अयशस्वी’. ज्या प्रश्नासाठी चाचणी मांडली त्याचे उत्तर मिळण्याची शक्यता ज्या वर्षी सर्वाधिक होती, नेमके तेच वर्ष आपण गाळतो, आणि बऱ्या पावसाच्या वर्षांतील सरासरीवर अवर्षणप्रवण भागासाठी वाणाची शिफारस करतो. उन्हाळ्यात छत्री तपासून पावसाळ्यासाठी विकत घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

वगळण्यामागे संख्याशास्त्राचे कारण आहे आणि ते मला मान्य आहे. सीव्ही वाढला की दोन वाणांमधला फरक खरा की योगायोगाचा हे सांगता येत नाही. पण कोरड्या वर्षी तो का वाढतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. 2018 च्या रब्बीतले एक शेत मला स्वच्छ आठवते. त्या वर्षी सप्टेंबरातच पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरअखेर शासनाला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. जमिनीत होती त्या ओलीवर पेरणी झाली होती. डिसेंबरात पीक फुलोऱ्यात येताना पाहिले, तर शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत करपलेला एक तिरपा पट्टा गेलेला होता. वाण कोणताही असो, त्या पट्ट्यात सापडलेला प्रत्येक वाफा पिवळा पडला होता. गिरमिट घेऊन जमीन तपासली. पट्ट्याबाहेर काळी माती दोन-अडीच फुटांपर्यंत सलग मिळत होती आणि गिरमिटाच्या टोकाला आलेली माती मुठीत दाबली तर अजून गोळा धरत होती. पट्ट्यात वीत-दीड वितीवरच गिरमिट मुरमावर खरखरले. बऱ्या पावसाच्या वर्षी वरचेवर ओल मिळत राहिल्याने हा फरक झाकलेला राहतो, तर कोरड्या वर्षी तो उघडा पडतो. संगणकाने त्याला प्रायोगिक त्रुटी म्हटले आणि चाचणी बाद झाली. मात्र त्याच पट्ट्यात दोन वाणांची वरची तीन-चार पाने शेवटपर्यंत हिरवी होती, आणि ही नोंद माझ्या शेतवहीपलीकडे कुठेही नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. पेरणीपूर्वी प्रत्येक वाफ्यातील मातीची खोली गिरमिटाने मोजून ती सहचल म्हणून, म्हणजे उत्पादनावर परिणाम करणारा सोबतचा घटक म्हणून, विश्लेषणात घेता येते. ओळ-स्तंभ मांडणी वापरता येते, शेजारच्या वाफ्यांचे परस्परसंबंध जमेस धरणारे अवकाशीय विश्लेषण करता येते. आपल्या संख्याशास्त्र विभागांतील तरुण प्राध्यापकांना हे सारे येते आणि त्यासाठी लागणारी संगणक प्रणाली मोफत उपलब्ध आहे. अडचण एवढीच आहे की अहवालाचा नमुना जुना आहे आणि त्यात मातीच्या खोलीसाठी रकाना नाही.

ताणाखालीच निवड केली तर ताण सोसणारे वाण मिळतात, याला भाताचे चांगले उदाहरण आहे. ताणात उत्पादनाची आनुवंशिकता (वाणांतील फरक किती आनुवंशिक आहे याचे प्रमाण) इतकी घटते की तिथे निवड करणे व्यर्थ आहे, असे बराच काळ मानले जाई. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणि आपल्याकडील हजारीबागच्या केंद्राने उलट वाट धरली, कोरड्या परिस्थितीतील धान्य उत्पादनावरच थेट निवड केली, आणि 2010 मध्ये ‘सहभागी धान’ हा वाण भारतात प्रसारित झाला. पावसाने ताण दिला तरी तो काही तरी पदरात टाकतो आणि पाऊस बरा झाला तर मागे पडत नाही, म्हणून पूर्वेकडील राज्यांत तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. कोरडे वर्ष गाळण्याचा शिरस्ता तिथे पाळला असता तर हा वाण हाती लागणे अवघड होते.

आपल्या राज्यात तर ही परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. मांजरी येथे 1923 मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली आणि 1933 मध्ये सोलापूर व विजापूर येथे केंद्रे निघाली. मोहोळच्या केंद्रावर त्याच दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम 35-1’ आजही रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत तुलनेसाठी लावावा लागतो. ज्यांनी तो निवडला त्यांच्याकडे ना प्रकाशसंश्लेषण मोजण्याचे यंत्र होते ना जनुकीय खुणा. त्यांच्याकडे कोरडवाहू जमीन होती, आणि पीक वाळले तरी तिथे पाणी सोडायचे नाही एवढी शिस्त होती. नव्वद वर्षांत आपण सरस वाण दिले नाहीत असे मी म्हणणार नाही. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा, ही राहुरीची जमिनीच्या खोलीनुसार केलेली विभागणी मला आपल्या विद्यापीठांच्या सर्वांत शहाण्या शिफारशींपैकी एक वाटते, कारण रब्बीत पिकाची सारी भिस्त जमिनीत साठलेल्या पाण्यावर असते आणि ते पाणी किती हे खोली ठरवते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण दीडशे ते दोनशे मि.मी. असते. हातभर जमिनीत त्याच्या निम्मेही नसते. शिफारस देताना आपण खोलीला इतके महत्त्व देतो, तर चाचणीच्या विश्लेषणात ती का नसावी, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

इथे शास्त्राचा थोडा भाग सांगणे भाग आहे, कारण पुढच्या मागण्या त्यावर उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियाचे जॉन पॅसिऊरा यांनी 1977 मध्ये मांडलेले समीकरण मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो : धान्याचे उत्पादन म्हणजे पिकाने वापरलेले पाणी, गुणिले त्या पाण्याची कार्यक्षमता, गुणिले कापणी निर्देशांक (पिकाच्या एकूण वजनातील धान्याचा वाटा). या समीकरणात जिवंत राहणे नावाचे पद नाही. झाड जिवंत ठेवणारे गुण आणि कणीस भरवणारे गुण वेगळे असू शकतात, आणि शेतकऱ्याला कणीस भरवणाऱ्या गुणांशी कर्तव्य आहे. फुलोऱ्यानंतर मिळालेल्या पाण्याची किंमत तर फारच जास्त असते. ऑस्ट्रेलियातील गव्हावर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून पिकाने ओढलेल्या दर मिलिमीटर जादा पाण्यामागे हेक्टरी 59 किलो धान्य वाढलेले आढळले. संपूर्ण हंगामाचा हिशेब केला तर चांगल्या पिकातही हा आकडा विसाच्या आसपास राहतो. म्हणजे पोटरीपूर्वी पाणी जपणारा वाण दाणे भरताना त्याचे दुप्पट-तिप्पट मोल वसूल करतो.

ज्वारीत हे कसे घडते, याचा उलगडा क्वीन्सलंडमधील अभ्यासांनी केला. इथिओपियातील दुर्रा ज्वारीपासून आलेल्या बी 35 या वाणात पाने उशिरापर्यंत हिरवी ठेवणारे चार जनुकीय भाग सापडले. पाने हिरवी राहतात म्हणजे त्यांत काही विशेष रसायन असेल, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात हे भाग फुटवे कमी करतात, वरची पाने लहान ठेवतात आणि फुलोऱ्यापूर्वीचा पाण्याचा खर्च आवरतात. ते वाचलेले पाणीच नंतर पाने हिरवी ठेवते. आपली मालदांडीही दुर्रा गटातलीच आहे. पाने करपत गेली की ताटातील अन्न कणसाकडे ओढले जाते, ताट पोकळ होते, खडखड्या रोगाची बुरशी बुंध्यात शिरते आणि कडब्यासकट पीक लोळते. रब्बीच्या पट्ट्यात हे दर कोरड्या वर्षी दिसते, पण अशा वर्षांचे आकडेच आपल्याजवळ नसल्याने कोणत्या वाणात ते किती आटोक्यात राहिले हे आपण खात्रीने सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट. चाचणीच्या तक्त्यात धान्याच्या स्तंभाला जो मान आहे तो कडब्याला नाही. ज्या वर्षी दाणा येत नाही त्या वर्षी दावणीला काय टाकायचे हाच मंगळवेढ्यापासून जतपर्यंतच्या शेतकऱ्यापुढचा पहिला प्रश्न असतो, आणि म्हणूनच तो नवा वाण घेताना ताटाची उंची बघतो.

आता अध्यापनाकडे येतो, कारण मूळ दुखणे तिथेही आहे. पदव्युत्तर विद्यार्थी अवर्षण सहनशीलतेवर प्रबंध करायला येतो तेव्हा त्याला हमखास निकाल देणारा विषय हवा असतो, आणि आम्ही मार्गदर्शकही त्याला तसाच देतो. पेट्री डिशमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या (बियाला पाणी सहज घेऊ न देणाऱ्या) द्रावणात बी उगवून बघायचे, कुंड्यांत रोपे लावून पाणी तोडायचे, आणि पानांतील प्रोलिन हे अमिनो आम्ल मोजायचे. बेट्स आणि सहकाऱ्यांची 1973 ची पद्धत सोपी आहे : पान कुटा, निनहायड्रिनबरोबर उकळा, टोल्युइनच्या थरात लाल-गुलाबी रंग उतरला की 520 नॅनोमीटरला वाचन घ्या. रंग गडद आला की वाण सहनशील, असा निष्कर्ष प्रबंधात येतो. परंतु प्रोलिन ताण बसल्यावर वाढते, आणि ज्या झाडाला ताण जास्त बसला त्यात ते जास्त वाढू शकते. पाणी जपून वापरणाऱ्या, म्हणून उशिरा ताणात आलेल्या वाणात रंग फिकट येईल आणि तो असहनशील ठरेल. प्रोलिनसोबत त्या पानाचा सापेक्ष जलांश (पूर्ण भरलेल्या पानाच्या मानाने त्यात किती पाणी आहे), आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी मुळांच्या थरात उरलेले पाणी, यांच्या नोंदी नसतील तर त्या रंगाला अर्थ नाही. कुंडीचेही तसेच आहे. दहा किलो मातीतले पाणी मोठे झाड चार-सहा दिवसांत संपवते, शेतात तोच ताण पाच-सहा आठवड्यांत हळूहळू चढतो, आणि पेशींना परासरणीय समायोजन करायला, म्हणजे आत विद्राव्य पदार्थ साठवून पाणी धरून ठेवायला, तेवढा अवधी लागतो. मीटरभर खाली जाणारे मूळ कुंडीत जाणार कुठे?

हे मी वर्गात सांगतो आणि विद्यार्थ्यांना पटतेही. अडचण दिनदर्शिकेची आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रवेश लांबले की पहिला रब्बी हातचा जातो. दुसऱ्या रब्बीत पेरणी सप्टेंबरअखेर, फुलोरा डिसेंबरात, आणि नेमक्या त्याच सुमारास सत्रपरीक्षा. ज्या आठवड्यात रोज पहाटे शेतात असायला हवे, त्या आठवड्यात विद्यार्थी परीक्षागृहात असतो. शिवाय त्या एकाच हंगामात अवकाळी पाऊस झाला तर ताणच बसत नाही, आणि अति ताण बसला तर ‘प्रयोग फसला’ म्हणून समितीपुढे उभे राहायची भीती असते. अशा व्यवस्थेत विद्यार्थ्याने पेट्री डिश निवडली तर दोष त्याला देता येणार नाही.

यातून बाहेर पडायचे तर प्रबंध एका हंगामाला बांधलेला असू नये. प्रत्येक विद्यापीठाने कोरडवाहू पट्ट्यात एक कायमस्वरूपी शेत राखून ठेवावे, त्यात तेच पंधरा-वीस वाण दरवर्षी पेरले जावेत, जमिनीतील ओल ठरावीक खोलींवर दर पंधरवड्याला मोजली जावी, आणि येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या हंगामाची भर घालून आधीच्या सर्व हंगामांची आकडेवारी वापरावी. दहाव्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती दहा रब्बी असतील, आणि त्यांत दोन-तीन तरी दुष्काळी असतील. ज्या देशांत या विषयात काम झाले तिथे ते अशाच सातत्याने झाले आहे. पानांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून पाण्याची कार्यक्षमता ओळखता येते हे फार्कर आणि रिचर्ड्स यांनी गव्हात 1984 मध्ये दाखवले. त्यावर निवडलेला ‘ड्रायस्डेल’ हा वाण 2002 मध्ये आला. मधली अठरा वर्षे कुणी ‘प्रकल्पाची मुदत संपली’ असे म्हटले नाही. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा आणि त्यातला संशोधन सहयोगी अकरा महिन्यांच्या करारावर.

अशा शेतासाठी पैशांपेक्षा संरक्षण जास्त लागेल. एका केंद्रावर माझा ताणाचा प्रयोग ऐन पोटरीत असताना, वरिष्ठांची भेट ठरली म्हणून प्रक्षेत्रावरील मंडळींनी रातोरात तुषार संच लावून पिकाला पाणी दिले. सकाळी पीक टवटवीत होते आणि सगळ्यांना आनंद झाला होता. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. शेताच्या पाटीवर ‘ताण देणे सुरू, पाणी देऊ नये’ असे लिहिलेले असूनही वाळलेले पीक पाहुण्यांना दाखवायची लाज वाटते, ही आपली रीत आहे. तेव्हा या शेतावरील वाळलेल्या पिकाबद्दल कुणालाही खुलासा द्यावा लागणार नाही, असे लेखी परिपत्रक आपणच काढलेले बरे. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 पासून उभी आहे, तिथे मोजणीची अद्ययावत साधने आहेत. आपली शेते आणि त्यांची साधने यांची सांगड घालणारा दीर्घ मुदतीचा करार झाला तर महागडी यंत्रे पुन्हा चार ठिकाणी घ्यावी लागणार नाहीत.

पदोन्नतीबद्दल थोडक्यात. गुण शोधनिबंधांना आणि शिफारशींना मिळतात. वीस वर्षे एकाच शेताची ओल मोजणाऱ्याला मिळत नाहीत, मग ते काम करणार कोण? रिक्त पदांविषयी सर्वांनी सर्वत्र लिहिलेले आहे. मी इतकेच म्हणेन की कोरडवाहू केंद्रावरचा शरीरक्रिया शास्त्रज्ञ निवृत्त झाला आणि जागा चार-पाच वर्षे रिकामी राहिली, तर त्याच्या मागे लोखंडी कपाटात राहिलेल्या वह्यांची रद्दी होते. हे मी पाहिले आहे.

जनुक संपादनाने आणि एखाद्या प्रभावी जनुकाने हे सारे सोपे होईल, अशी आशा हल्ली प्रत्येक परिसंवादात व्यक्त होते. मी त्या तंत्रांच्या विरोधात नाही. अमेरिकेत 2011 मध्ये जिवाणूचे जनुक घातलेल्या अवर्षण सहनशील मक्याला परवानगी मिळाली, मात्र त्याचा शेतातला लाभ माफक राहिला. ताण केव्हा, किती आणि कोणत्या खोलीच्या जमिनीत बसला हे माहीत असल्याशिवाय कोणत्याही जनुकाची परीक्षा घेता येत नाही, आणि ती माहिती शेवटी गिरमिटानेच काढावी लागते.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत, अवर्षणप्रवण भागासाठीच्या चाचण्यांतून केवळ जास्त सीव्ही अथवा कमी सरासरी या कारणाने कोणतेही केंद्र वगळू नये, त्याची आकडेवारी मातीची खोली आणि ओलीच्या नोंदींसह स्वतंत्र तक्त्यात द्यावी, आणि वाणाच्या प्रसारण प्रस्तावात किमान एका कोरड्या हंगामातील वर्तन, कडब्यासह, दाखवणे बंधनकारक करावे, असा ठराव घ्यावा. आधीच वगळलेल्या चाचण्यांचे मूळ कागद केंद्राकेंद्रांवरून मागवून ते संगणकावर चढवण्याचे काम त्याच बैठकीत कुणाकडे तरी सोपवावे. 2015 आणि 2018 या दोन दुष्काळी वर्षांचे तरी कागद अजून मिळतील, कारण तेव्हा चाचण्या घेणारे अनेक जण सेवेत आहेत. कायमस्वरूपी शेतांबाबत चारही विद्यापीठांकडून जागेचे प्रस्ताव मागवावेत. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावोगाव असतात तोच रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ असतो. त्यांनी ज्या शेतकऱ्याकडे काम केले त्याच्या शेताची खोली चार ठिकाणी मोजून अहवालात लिहिली, तर एका पैशाचाही जादा खर्च न होता तालुक्यातालुक्याचा नकाशा तयार होऊ लागेल. आणि परीक्षांच्या वेळापत्रकाची आखणी करताना रब्बीच्या प्रयोगांवर असलेल्या विद्यार्थ्यांपुरती डिसेंबरात सवलत द्यावी.

माझ्याकडे वगळलेल्या चाचण्यांच्या शेतवह्या, वाफ्यांचे नकाशे आणि ओलीच्या नोंदी नीट लावून ठेवलेल्या आहेत. त्या कोणाच्या स्वाधीन कराव्यात हे परिषदेने कळवावे. सेवानिवृत्तीपूर्वी मी स्वतः आणून देईन, आणि ज्या तरुण सहकाऱ्याकडे हे काम जाईल त्याच्या शेजारी बसून माझे अक्षर त्याला वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचा एक प्राध्यापक